कलाय, सतीन आणि त्रिपुट : परसबागेतील वाटाण्याची लागवड, तोडणी व वैद्याचा नामनिर्णय

प्रास्ताविक

वातव्याधीच्या रुग्णास पथ्यापथ्याचा कागद लिहून देताना आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीतून ‘वाटाणा वर्ज्य’ हे दोन शब्द सवयीने उतरतात. त्यास ग्रंथांचा आधार आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात कलायास अत्यंत वातल म्हटले आहे आणि वाग्भटाचार्यांचेही मत तेच आहे. परंतु कलाय म्हणजे नेमके कोणते धान्य, आणि त्या धान्याची कोणती अवस्था, हे दोन प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. आम्हीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते. ते विचारावयास एका रुग्णाने भाग पाडले आणि त्यांची उत्तरे ग्रंथांइतकीच परसातील एका लहानशा वाफ्यात मिळाली.

वाटाणा हे काही दुर्मिळ औषधी द्रव्य नव्हे. मंडईत हिवाळाभर ढीग लागतात. असे असता त्रैमासिकाची पाने त्यावर का खर्च करावीत, असे व्यवसायबंधूंच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी आमच्या हातून झालेली चूक सांगणे आवश्यक आहे.

एक अनुभव

साधारण पंधरा वर्षांपूर्वी सातारा येथील आमच्या चिकित्सालयात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आले. मूळचे भंडारा जिल्ह्यातील शेतकरी, मुलाच्या नोकरीनिमित्त इकडे राहावयास आलेले. चालताना पाय एकमेकांत अडकत, टाचा नीट टेकत नसत, पोटऱ्या ताठ झालेल्या. स्पर्शज्ञान शाबूत होते, मलमूत्रप्रवृत्तीची तक्रार नव्हती. वय व लक्षणे पाहून आम्ही वातव्याधीचे निदान केले, स्नेहन, स्वेदन व बस्ती योजले आणि नित्याप्रमाणे अपथ्यात वाटाणा लिहिला.

रुग्ण आज्ञाधारक होता. चार महिने त्या घरात मटार आला नाही. चार महिन्यांनी त्यांच्या पत्नीने सहज विचारले, “वाटाणा तर आम्ही बंदच केला, डॉक्टरसाहेब. गावाकडची डाळ संपत आली आहे, ती मागवली तर चालेल ना?” आम्ही ती डाळ पाहावयास मागितली. पुढच्या खेपेस त्यांनी फडक्यात बांधून मूठभर आणली. त्यात काही अखंड दाणे होते : करड्या रंगाचे, चपटे, तीन कडांचे, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे. आम्हांस ते ओळखता आले नाहीत. ओळखले ते शेजारच्या काष्ठौषधी विक्रेत्यांनी. पाहताक्षणी ते म्हणाले, “वैद्यराज, ही लाखोळी.”

ज्या धान्याने अपाय होण्याचा संभव होता ते चार महिने ताटात राहिले आणि ज्याचा अपराध नव्हता ते बंद झाले. रुग्णास आम्ही तातडीने मज्जाविकारतज्ज्ञांकडे पाठविले. तेथील तपासण्यांत कण्याचे अन्य कारण आढळले नाही. त्यांचा व्याधी लाखोळीनेच झाला, हे आम्ही सिद्ध करू शकलो नाही. लाखोळी बंद केल्यावर व्याधी वाढला नाही, पण चालही पूर्ववत झाली नाही. लाखोळीमुळे येणाऱ्या पंगुत्वात ती सहसा होतही नाही. म्हणूनच येथे चिकित्सेपेक्षा निदानपरिवर्जनाचे मोल अधिक, आणि ते मोल आम्ही चार महिने उशिरा ओळखले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही धान्ये परसात शेजारी शेजारी पेरली. पुढे लाखोळीचा वाफा बंद केला, वाटाण्याचा मात्र दरवर्षी चालू ठेवला.

नामनिर्णय

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात वैदल धान्ये मोजताना कलाय, सतीन, त्रिपुटक आणि हरेणु ही चारही नावे एकाच यादीत निरनिराळी दिली आहेत. भावप्रकाशात कलायास वर्तुल, सतीन व हरेणुक हे पर्याय दिलेले असून त्रिपुट स्वतंत्र सांगितला आहे. त्रिपुटाचे दुसरे नाव खंडिक. तो वातास अतिशय प्रकुपित करतो आणि खंजत्व व पंगुत्व आणतो, असे भावमिश्रांनी स्पष्ट नोंदविले आहे. वर्तुल म्हणजे गोल, त्रिपुट म्हणजे तीन पुटांचा. नामकरणातच आकृती सांगितली आहे. दाणा तळहातावर घेतला असता कोणास शंका उरू नये. आम्ही तो तळहातावर घेतलाच नव्हता.

गोंधळाचे मूळ ‘कलायखंज’ या व्याधिनामात आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वर्णिलेला हा व्याधी आपण सर्वजण शिकलो आहोत : चालावयास आरंभ करताच कंप, लंगडत चालणे, संधिबंधांचे शैथिल्य. नावात कलाय आहे आणि कोशात कलाय म्हणजे वाटाणा असे दिले आहे, म्हणून वाटाण्याने मनुष्य पंगू होतो अशी समजूत विद्यार्थिदशेतच रूढ होते. वस्तुतः भावप्रकाशाच्या वचनाशी ताडून पाहिले असता हा दोष त्रिपुटाकडे, म्हणजे लाखोळीकडे जातो.

आधुनिक शास्त्राने यास दुजोरा दिला आहे. वाटाणा म्हणजे पायसम सॅटायव्हम, लाखोळी म्हणजे लॅथायरस सॅटायव्हस. कुल एक, वंश वेगळा. लाखोळीतील ओडॅप नावाचे मज्जाघातक द्रव्य १९६४ साली वेगळे करण्यात आले व त्या संशोधनात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. हे द्रव्य वाटाण्याच्या दाण्यात उपद्रव देईल असे आढळत नाही. लाखोळीचा अपायही एखाद्या वेळी खाल्ल्याने होत नाही. दुष्काळात वा दारिद्र्यात ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की होतो. १९६१ साली केंद्र शासनाने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनुसार तिच्या विक्रीवर बंदी आणली, पण सर्व राज्यांत तिची अंमलबजावणी सारखी झाली नाही. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे अल्पविषारी वाण विकसित झाले. पूर्व विदर्भात भाताच्या शेतात पाणी आटताना लाखोळी फेकून पेरण्याची जुनी रीत आहे. तूरडाळीत तिची डाळ व बेसनात तिचे पीठ मिसळण्याची भेसळही सर्वश्रुत आहे. तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील वैद्यानेही हा विषय दूरचा मानू नये.

वाफा व बियाणे

वाटाणा हे थंडीचे पीक. १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमान त्यास मानवते. दुपारचे ऊन तिशीच्या पुढे जाऊ लागले की फुले गळतात आणि शेंगा भरत नाहीत. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी करावी. पुरंदर तालुक्यात पावसाळी वाटाणाही घेतात, कारण तेथील हवा पावसाळ्यात थंड आणि पाऊस बेताचा असतो. अन्यत्र त्याचे अनुकरण करू नये.

तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद गादीवाफा एका कुटुंबास पुरतो. माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी आणि सामू सहा ते साडेसात असावा. वाफ्यात दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. ताजे शेण घालू नये, युरिया तर नकोच. वाटाणा हवेतील नत्र मुळांवरील गाठींतून स्वतः मिळवितो. नत्र वरून दिल्यास वेल माजतो आणि शेंगा कमी धरतात. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने भरपूर खत दिले तेव्हा छातीइतका हिरवा पसारा झाला आणि शेंगा मोजून एकोणीस आल्या.

वाणांत अर्केल व बोनव्हिला हे दोन घरगुती लागवडीस सोयीचे. अर्केल लवकर येतो, त्याचा पहिला तोडा साधारण दोन महिन्यांत मिळतो. बोनव्हिलास त्याहून तीन-चार आठवडे अधिक लागतात. दोन्हींचे वाळलेले बी सुरकुतलेले असते. सुरकुतलेल्या बीच्या वाणांत शर्करा अधिक व पिष्ट कमी, म्हणून ते हिरवे खाण्यास गोड लागतात. गुळगुळीत गोल बीच्या वाणांत पिष्ट अधिक, ते वाळवून उसळीस ठेवण्याजोगे. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या आनुवंशिकतेच्या निबंधात गोल व सुरकुतलेले बी हाच एक भेद अभ्यासिला होता. आपल्या ‘वर्तुल’ या पर्यायास हा गुळगुळीत दाणा अधिक जवळचा वाटतो.

एक सूचना फार महत्त्वाची. कृषी सेवा केंद्रातून मिळणारे बियाणे पुष्कळदा बुरशीनाशक लावलेले व गुलाबी रंगाचे असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि उरलेले उसळीत टाकू नये. शक्य तेथे प्रक्रिया न केलेले बियाणे मागून घ्यावे. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, वर तरंगणारे टाकून द्यावे, आणि गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळून सावलीत सुकवावे. त्याच दिवशी वाफशावर पेरावे. ओळींत ३० सेंटिमीटर, दोन बियांत ५ ते ७ सेंटिमीटर अंतर, खोली ३ ते ४ सेंटिमीटर. एवढ्या वाफ्यास दोनशे बिया, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम बियाणे पुरते. ज्यांना परस नाही त्यांनी ३० सेंटिमीटर खोल कुंडीत वा जुन्या पिंपात गच्चीवर पेरावे. पद्धत तीच.

उगवण, ओळख व निगा

सात ते दहा दिवसांत कोंब वर येतात. घेवड्याप्रमाणे वाटाण्याची बीजदले जमिनीवर येत नाहीत, ती मातीतच राहतात. म्हणून उंदीर व पाखरे यांनी शेंडा तोडला तरी बहुधा खालून दुसरा कोंब फुटतो. निराश होऊन लगेच पुन्हा पेरू नये.

रोप वीतभर झाले की वैद्याने ते एकदा निरखून पाहावे. आमच्या मते हा या सर्व उद्योगाचा पहिला लाभ होय. वाटाण्याचे खोड पोकळ व गुळगुळीत, त्यास पंख नसतात. पानाच्या बुडाशी दोन मोठी उपपर्णे असतात, पर्णिकांहूनही मोठी, जणू खोडास ओंजळीत धरलेले. पर्णिका अंडाकृती, एक ते तीन जोड्या, आणि टोकास फाटे फुटलेले तणावे. लाखोळीचे खोड दोन्ही बाजूंस पट्टीसारखे पंख असलेले, उपपर्णे लहान व टोकदार, पर्णिका गवताच्या पात्यासारख्या अरुंद. फूल निळे, कधी पांढरे वा गुलाबी. शेंग आखूड व चपटी, तिच्या पाठीच्या शिवणीवर दोन बारीक पंख. वाटाण्याची शेंग लांबट व फुगीर. दोन्ही रोपे एकदा शेजारी पाहिली की हा भेद जन्मभर विसरत नाही. लाखोळी पाहावयाची असल्यास एका कुंडीत चार दाणे पुरेत. कुंडीवर नाव लिहावे आणि दाणे पक्व होताच नष्ट करावेत.

याच वंशातील तिसरे झाड शहरी बागांत शोभेसाठी लावतात, त्यास ‘स्वीट पी’ म्हणतात. नाव गोड, फूल सुगंधी, शेंग मटारासारखी, परंतु बी विषारी. ज्या घरात लहान मुले वाफ्यातून मटार तोडून खातात, त्या घरात हे फूलझाड लावू नये, असे रुग्णांस आवर्जून सांगावे.

वेल वीतभर होताच आधार द्यावा. तुरीच्या काटक्या, बोराटीखेरीज कोणत्याही वाळक्या फांद्या किंवा दोन काठ्यांस ताणलेली सुतळीची जाळी चालते. तणावे बारीक वस्तूसच गुंडाळतात, जाड बांबू त्यांच्या कामाचा नाही. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. आरंभी बेताचे, फुलोऱ्यात व दाणे भरताना मात्र खंड पडू देऊ नये. पाणी तुंबल्यास मर लागते.

या पिकाचा मुख्य शत्रू भुरी. पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी येते, विशेषतः थंडी ओसरताना. दाट पेरणी टाळणे व लवकर पेरणे हा पहिला उपाय. लक्षण दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक एक लिटरास दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे. मावा पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. फवारणीनंतर काही दिवस तोडणी थांबवावी व शेंगा धुऊन घ्याव्यात. शेंग पोखरणारी अळी हाताने वेचावी. त्याच जागी दोन-तीन वर्षे पुन्हा वाटाणा घेऊ नये.

तोडणी : अवस्थाभेदाचा पाठ

आम्हांस या वाफ्याने शिकविलेली दुसरी गोष्ट तोडणीची. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांत हिरवी शेंग तोडण्याजोगी होते. खालच्या शेंगा आधी भरतात. शेंग भरलेली, पण तिचा हिरवा रंग तजेलदार आणि साल चकचकीत, अशा वेळी तोडावी. सालीवर जाळी दिसू लागली वा रंग फिका पडला की वेळ टळली. तोडताना एका हाताने वेल धरावा व दुसऱ्याने शेंग, अन्यथा नाजूक वेल मुळासकट हातात येतो. दर दोन-तीन दिवसांनी तोडा करावा. चार शेंगा जरी वेलीवर पक्व होऊ दिल्या तरी नवी फुले येणे मंदावते. आमच्या वाफ्यातून चांगल्या वर्षी तीन किलोच्या आसपास शेंगा मिळतात.

तोडा सकाळी करावा आणि शक्य तर त्याच दिवशी शिजवावा. तोडल्या क्षणापासून दाण्यातील शर्करेचे पिष्टात रूपांतर होऊ लागते, उष्णतेत ते अधिक वेगाने होते. सकाळी तोडलेली मूठभर शेंग दुपारपर्यंत ओट्यावर ठेवावी, दुसरी मूठभर तोडताच शीतकपाटात ठेवावी, आणि सायंकाळी दोन्ही चाखाव्यात. द्रव्य एक, वेल एक, दिवस एक. पण रस निराळा लागतो. द्रव्यसंग्रहणाविषयी विद्यार्थ्यांसमोर तासभर बोलण्यापेक्षा ही चव अधिक शिकविते.

एकाच वाफ्यातून तीन द्रव्ये मिळतात, असे आम्ही मानतो. पहिले कोवळे शेंडे. निघंटूंच्या शाकवर्गात कलायशाकास स्थान आहे, पण आपल्या स्वयंपाकघरातून ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. महिनाभराच्या रोपाचे वरचे दोन पेरांएवढे शेंडे खुडून पालेभाजी करावी. त्याने वेल फुटतोही चांगला. दुसरे द्रव्य हिरवा दाणा. त्यात पाणी शंभरात सुमारे ऐंशी भाग, प्रथिने पाच-साडेपाच भाग. तिसरे द्रव्य वाळलेला दाणा. त्यात पाणी दहा-अकरा भाग आणि प्रथिने वीसपेक्षा अधिक. रूक्षता, गुरुता व विष्टंभ यांचा विचार करताना या दोन अवस्था एका मापाने कशा मोजाव्यात?

मूग व मसूर सोडून इतर शिंबीधान्ये आध्मानकारक, असे सुश्रुतसंहितेत आहे. आधुनिक दृष्टीने पाहता रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांचे पचन लहान आतड्यात होत नाही. मोठ्या आतड्यात त्या आंबून वायू होतो. दाणा पक्व होत जातो तशा या शर्करा वाढतात, कोवळ्या दाण्यात त्या अल्प असतात. ग्रंथातील धान्यवर्ग मुख्यतः पक्व, शुष्क धान्याविषयी बोलतो, हे ध्यानी घेतले की ग्रंथ आणि अनुभव यांत विरोध राहत नाही. कोवळा मटार तुपाच्या फोडणीत जिरे, आले व हिंग घालून अल्प प्रमाणात दिला असता मध्यम अग्नीच्या रुग्णांस त्रास झाल्याचे आमच्या पाहण्यात क्वचितच आले. तोच रुग्ण पांढऱ्या वाटाण्याच्या रगड्याने रात्रभर पोट धरून बसतो. शुष्क वाटाणा दहा-बारा तास भिजवावा, भिजविलेले पाणी टाकून द्यावे, मऊ शिजवावा आणि लसूण, आले, हिंग यांसह द्यावा. मंदाग्नी, ग्रहणी, आनाह व प्रबळ वातप्रकोप असलेल्यांस तो वर्ज्यच ठेवावा. तेथे आचार्यांचे वचन जसेच्या तसे लागू आहे.

साठवण व औषधीनिर्मात्यांसाठी काही नोंदी

बीसाठी वाफ्यातील सर्वांत निरोगी आठ-दहा वेल आरंभीच सुतळी बांधून राखून ठेवावेत, त्यांच्या शेंगा हिरव्या तोडू नयेत. शेंगा पिवळसर होऊन वाळल्या आणि हलविल्यावर दाणे खुळखुळले की काढाव्यात. सावलीत पुन्हा आठवडाभर वाळवाव्यात. वाटाण्यात स्वपरागण होत असल्याने घरचे बी पुढील वर्षी त्याच गुणाचे येते. वाटाण्याचा भुंगेरा शेतातच हिरव्या शेंगेवर अंडी घालतो, त्याची अळी दाण्यात शिरते आणि साठवणीत भोक पाडून भुंगा बाहेर येतो. म्हणजे बरणी कितीही स्वच्छ असली तरी कीड आतूनच आलेली असते. पूर्ण वाळलेले बी हवाबंद बरणीत घालून आठवडाभर अतिशीत कप्प्यात ठेवल्यास ती मरते. शेवटच्या तोड्यानंतर वेल उपटू नयेत, जमिनीलगत कापावेत. मुळांवरील गाठी मातीत राहिल्या की पुढच्या पालेभाजीस त्यांचा लाभ होतो. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग असेल तर ती कार्यक्षम होती.

फार्मसीचालकांस यातील तीन गोष्टी उपयोगी वाटतील. पहिली नामसाम्याची. हरेणु हे नाव वाटाण्याचे आहे तसेच रेणुकबीजाचेही आहे. पाठात हरेणु आला की प्रकरण व गण पाहूनच द्रव्य ठरवावे, खरेदीच्या चिठ्ठीवर केवळ संस्कृत नाव लिहून भागत नाही. दुसरी भेसळीची. उटणी व लेप यांसाठी बेसन वा डाळीचे पीठ घेताना ते अखंड धान्य विकत घेऊन आपल्या देखरेखीखाली दळून घ्यावे. पिठाची आकृती नसते, दाण्याची असते. त्रिपुट दाणा डोळ्यांस दिसतो, पीठ झाले की तो लपतो. तिसरी रंगाची. बाजारातील शुष्क वाटाणा हिरवा दिसावा म्हणून मॅलॅकाइट ग्रीनसारखा अनुमती नसलेला रंग लावल्याची प्रकरणे होतात. काचेच्या पात्रात थोडे दाणे पाण्यात अर्धा तास ठेवावेत. पाण्यात हिरवा रंग उतरला तर माल परत करावा. ही परीक्षा रुग्णांस घरी करता येते, दुकानात तिची पाटी लावण्यास हरकत नाही.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात औषधींच्या अंगांचा संग्रहकाल ऋतुपरत्वे सांगितला आहे. आपण तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो, आणि पुढे आलेली गोणी जशी आली तशी घेतो. एका वाफ्यात तीन दिवसांच्या विलंबाने शेंगेचा रस बदलताना ज्याने पाहिला, तो गोणीवर संग्रहाचा महिना विचारल्याखेरीज पैसे मोजणार नाही, असा आमचा अनुभव आहे. आम्ही आता तो विचारतो. पुरवठादार प्रथम हसत, अलीकडे लिहून देतात.

समारोप

आमच्या पथ्यपत्रकात त्या प्रसंगानंतर तीन बदल झाले. ‘वाटाणा वर्ज्य’ या शब्दांऐवजी ‘वाळलेला वाटाणा वर्ज्य’ किंवा ‘हिरवा मटार अल्प, तुपात’ असे रुग्णाच्या अग्नीनुसार स्पष्ट लिहिले जाते. ज्यांच्या पायांत ताठरपणा आहे अशा प्रत्येक रुग्णास त्यांच्या मूळ गावाचे नाव व तेथील रोजची डाळ कोणती, हे विचारले जाते, आणि शंका आल्यास मूठभर धान्य आणावयास सांगितले जाते. संशयित रुग्णास तज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब केला जात नाही. टेबलावर काचेच्या दोन लहान बाटल्या ठेवल्या आहेत, एकीत वर्तुल, दुसरीत त्रिपुट. दुसऱ्या बाटलीतील दाणे त्याच मुठीतले आहेत. प्रशिक्षणार्थी वैद्य आले की प्रथम त्या बाटल्या त्यांच्या हाती देतो आणि यांपैकी कलायखंज कोणता, असे विचारतो.

व्यवसायबंधू-भगिनींस विनंती अशी की, येत्या ऑक्टोबरात चिकित्सालयाच्या मागे, गच्चीवर वा औषधालयाच्या अंगणात एक वाफा अवश्य करावा. खर्च नगण्य, श्रम दिवसाकाठी दहा मिनिटांचे. मटार तर मिळेलच, पण आपण रोज ज्या शब्दांनी रुग्णांचे ताट बदलतो त्या शब्दांमागील द्रव्य एकदा आपल्या डोळ्यांनी उगवताना, फुलताना आणि पिकताना पाहिल्याचे समाधान अधिक मोठे आहे. विदर्भातील वैद्यांनी लाखोळी खाणाऱ्या कुटुंबांतील आपली निरीक्षणे या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत. त्या निरीक्षणांची आम्हांस पंधरा वर्षांपूर्वीच गरज होती.